मुलांना जगविले, तरुणांचे काय?

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने एचआयव्हीवरील औषधोपचार निवडक सरकारी रुग्णालयांतून मोफत सुरू केला. त्या औषधांवर जी बालके जगली, त्यांतील कितीतरी आज अठरा-वीस वर्षांची झाली आहेत. त्यांना जगविल्याचे श्रेय शासनाने अवश्य घ्यावे. परंतु अठरावे वर्ष लागताच त्यांना वाऱ्यावर सोडायचे असेल, तर ते श्रेय अर्धेच ठरते.

मेडशीसारखे गाव डोळ्यांसमोर आणा. २०१८ साली ज्याला ‘आकांक्षित’ हे गोंडस नाव मिळाले, त्या वाशिम जिल्ह्यातले हे गाव. येथील शेतमजुराच्या घरातले आईबाप गमावलेले पोर आजीच्या आधाराने वाढते. गोळ्या आजी आणते. त्या ‘ताकदीच्या’ आहेत एवढेच पोराला ठाऊक असते. जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र बहुधा तेच राहते. बदलते ती जबाबदारी. ज्या रोगाचे नावही कोणी सांगितले नाही, त्याचा हा पोरगा एका दिवसात ‘प्रौढ रुग्ण’ होतो. सोयाबीनची कापणी आटोपली की तो पुण्याकडे कामाला जातो. गोळ्या आणायच्या म्हणजे रोज बुडणार, आणि चौघांच्या खोलीत त्या लपवायच्या तरी कोठे? गोळ्या चुकतात, विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि पुढची औषधे अधिक महाग पडतात. समुपदेशनावरचा खर्च वाचविणारे शासन असा आतबट्ट्याचा व्यवहार करीत असते.

कोणी म्हणेल, औषध फुकट आहे; सज्ञान माणसाने आपली काळजी आपण घ्यावी. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण जबाबदारी अंगी येते ती शिकविल्याने, जन्मतारखेने नव्हे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बाधित कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या, पुरेशी समज असलेल्या बारा वर्षांवरील मुलाला धाकट्या भावंडांचा पालक होण्याचा अधिकार दिला आहे. भावंडाच्या उपचाराचा निर्णय घेण्यास जो समर्थ, तो स्वतःचा आजार समजून घेण्यास असमर्थ कसा?

संस्थांत वाढलेल्यांची कथा याहून कठीण. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ४६ वे कलम अठरा वर्षांनंतर संस्थेबाहेर पडणाऱ्यास अर्थसाहाय्य ‘देता येईल’ म्हणते. ‘दिलेच पाहिजे’ म्हणत नाही. लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या ‘सेवालय’चे रवी बापटले यांना अठरा वर्षांवरील मुलामुलींसाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभारावे लागले, ते या पोकळीमुळेच. अशा कार्याला आमचा आदरपूर्वक प्रणाम. पण एका माणसाचा त्याग हे राज्याचे धोरण होऊ शकत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. दहा-बारा वर्षांपासून मुलाला त्याच्या आजाराची ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी. रक्ततपासणीचा अहवाल वाचायला, गोळ्यांचा हिशेब ठेवायला त्याला शिकवावे. अठरानंतरची काही वर्षे एकाच समुपदेशकाने त्याची विचारपूस करावी. त्यासाठी समुपदेशकांना कंत्राटी टांगणीवरून उतरवून कायम करावे. स्थलांतरितास कामाच्या गावी विनासायास औषध मिळावे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी अठरा पूर्ण केलेल्यांपैकी किती जण आजही औषध घेत आहेत? नावे विचारू नयेत. गोपनीयता हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे. आकडा मात्र सोडू नये. तो देता येत नसेल, तर शासनाने या तरुणांना मोजणेच सोडून दिले आहे असा त्याचा अर्थ होईल.