ठेव आमची, मत कर्जदाराचं

आमच्या वस्तीतल्या एका बचत गटाचं खातं एका नागरी सहकारी बँकेत होतं. चौदा जणींचं मिळून एक खातं. एके सकाळी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि दारावर कागद लागला : दर खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. एकट्या माणसाच्या खात्याला हजार, चौदा जणींच्या खात्यालाही हजारच. म्हणजे एकीच्या वाट्याला एकाहत्तर रुपये. गटाच्या अध्यक्षबाईंनी खिडकीवर हा हिशेब मांडला, तर आतला माणूस म्हणाला, "ताई, नियम खात्याला आहे, माणसाला नाही."

त्या बिचाऱ्याचं चुकलं नाही. नियम तसाच आहे.

आपण बँकेत पैसे "ठेवतो" असं म्हणतो, जणू कपाटात ठेवलेत. प्रत्यक्षात आपण बँकेला कर्ज देतो, आणि तेही बिनतारण. बँक त्यातला थोडा भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवते, काही सरकारी रोख्यांत गुंतवते आणि बाकीचा कर्जाऊ देते. याच गटातली एक बाई शिलाई मशीनसाठी वीस हजार मागायला गेली, तेव्हा तिला दोन जामीनदार, नवऱ्याची सही आणि घराचे कागद मागितले. कारण काय, तर जोखीम! पण आम्ही ठेव ठेवायला जातो तेव्हा बँकेकडून कुठला जामीनदार मागायचा?

जोखमीची खरी गोष्ट पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेनं दाखवली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी तिच्यावर निर्बंध आले, तेही आधी हजार रुपयांचेच. कारण उघड झालं तेव्हा कळलं, की तिच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली होती. एका कर्जदाराला किती द्यायचं याला बँकेच्या भांडवलाच्या प्रमाणात मर्यादा आहे. ती लपवण्यासाठी एकवीस हजारांवर खोटी कर्जखाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. जिथे बाईच्या वीस हजारांना दोन जामीनदार लागतात, तिथे हे वर्षानुवर्षं चाललं.

"बायकांनी बँक पारखून पैसे ठेवावेत," असं शहाणपण लगेच ऐकवलं जातं. कशी पारखावी? मार्च २०१९ च्या ताळेबंदात त्या बँकेची थकीत कर्जं चार टक्क्यांच्या आत दिसत होती. जे लेखापरीक्षकांना आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीला दिसलं नाही, ते धुणीभांडी करून आलेल्या बाईनं ओळखावं!

याहून गंभीर गोष्ट क्वचितच बोलली जाते. सहकारी बँकेत कर्ज हवं असेल तर शेअर घ्यावे लागतात. शेअर घेतला की सभासद, आणि सभासद झाला की मत. ठेव ठेवायला मात्र शेअर लागत नाही, म्हणून ठेवीदाराला मतही नाही. म्हणजे बँक ज्यांच्या पैशावर उभी आहे त्यांना संचालक निवडता येत नाहीत आणि जे पैसे उचलतात त्यांना येतात. याला सहकार म्हणायचं! संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव असतात, पण त्या कुणाच्या वहिनीनं वा सुनेनं भरल्या जातात हे गावोगाव माहीत आहे. (सगळीकडे तसं नाही, मला उत्तम काम करणाऱ्या दोघी-तिघी ठाऊक आहेत. पण त्या अपवाद.)

कायदा अगदीच हलला नाही असं नाही. ठेवविम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर गोठलेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं सहकारी बँकांचं संचालक मंडळ आणि लेखापरीक्षण यांवर रिझर्व्ह बँकेचा हात बळकट झाला. २०२१ पासून निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. हे मिळालं ते शाखांसमोर उन्हात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांमुळे. त्यांच्यापैकी ज्यांची ठेव पाच लाखांवर होती, त्यांना २०२२ च्या विलीनीकरणानंतर उरलेल्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे टप्पे मिळाले. सत्तरीतल्या विधवेनं ऐंशीपर्यंत जगावं, अशीच ही योजना!

आणि तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेसमोर पुन्हा रांग लागलीच. तिथे तर सुरुवातीला एक रुपयाही काढायची मुभा नव्हती.

म्हणून आमचं म्हणणं असं : निर्बंधांच्या काळात गटाच्या खात्यातून काढायची मर्यादा सभासदांच्या संख्येनं गुणा. संचालक मंडळावर ठेवीदारांनी निवडलेले प्रतिनिधी घ्या, त्यात निम्म्या बाया. सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे मिळून बँकेचा किती पैसा आहे, तो आकडा दर तिमाहीला शाखेत मराठीत लावा. नावं नकोत, आकडा पुरे. गुप्ततेचं कारण यावर पुढे करू नये. बाईच्या घराचे कागद मागताना गुप्तता आठवत नाही.

गटानं आता दुसऱ्या बँकेत खातं काढलंय. तिथेही कागदपत्रं तिघी पदाधिकाऱ्यांचीच घेतली. उरलेल्या अकरा जणींची नावं आम्ही अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिली आणि खाली बँकेचा शिक्का मागितला. अजून मिळालेला नाही.