सोबत्याची आठवण सातबारावर राहू द्या



सेलूच्या कापूस बाजारात बैलगाडीच्या दिवसांपासून रांगेत माझ्यामागे उभा राहणारा सोबती यंदा आजारपणाने गेला. फेब्रुवारी १९८४ च्या परभणी अधिवेशनात आम्ही एकाच फडक्यातली भाकर खाल्ली. १० डिसेंबर १९८६ ला सुरेगावला कापूस आंदोलनात तीन शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. त्यानंतर बरेच जण घरी बसले, हा बसला नाही. कापसाचा भाव वाढला म्हणून कोणी पेढे वाटले, तर आधी वेचणी अन् फवारणीचा खर्च मांडायला लावी. १२ डिसेंबर २०१५ ला शरद जोशी गेले, तेव्हाही म्हणाला, "रडू नका, हिशेब पुढे चालू ठेवा."

आज त्याच्यासाठी दोन मिनिटे उभे राहू. पण तेवढ्याने भागत नाही. तेरावा झाला की कर्त्या माणसाच्या घराकडे कोणी फिरकत नाही. सोसायटीचे येणे, सावकाराचा तगादा अन् भावकीचा बांध मात्र घरी येतात.

शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. ज्या गावात शंभर कारभारी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून देतील, ते लक्ष्मीमुक्ती गाव. आमच्या सोबत्याने तेव्हा दोन एकर कारभारणीच्या नावे केली. लोक हसले. आज त्याच दोन एकरांच्या सातबारावर वहिनी स्वतःच्या नावाने पीककर्ज मागू शकतात. ज्यांनी हे केले नाही, त्यांच्या विधवांना स्वतःच्याच शेतात सालदारासारखे राहावे लागते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या हिश्श्यात बायकोला मुलामुलींच्या बरोबरीने वाटा आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठ सोडू नये. "पोरांची नावे लावली, बाईचे कशाला?" असे कोणी म्हटले तर ऐकू नये. दुःखाच्या दिवसांत कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच देऊ नये.

म्हणून या बैठकीत ठराव करा. गावात कर्ता माणूस गेला की दोन पाईकांनी त्या माउलीसोबत तलाठी, सोसायटी आणि बँकेत जायचे. तिचे नाव सातबारावर चढेपर्यंत जायचे. सोबती जिवंत असताना त्याच्या औताला आपण बैल दिला. आता त्याच्या घराला आपला एक दिवस द्यायला काय हरकत आहे?