तेजी-मंदीची नवी शाळा

भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा दिसतो. खरिपाच्या धानाची चुरणी होऊन माल आधारभूत खरेदी केंद्रावर गेला आणि त्याचे चुकारे बँकेत जमा झाले की पहिल्यांदा. आणि जेथे पाण्याची सोय आहे तेथे उन्हाळी धानानंतर दुसऱ्यांदा. या पैशाचे वाटेकरी पूर्वापार ठरलेले असत. सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी, सावकाराचे व्याज आणि घरातील लग्नकार्य यांत तो संपून जाई. आता त्या रांगेत आणखी एक वाटेकरी येऊन उभा राहिला आहे. त्याचे गावात दुकान नाही, त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. घरातील शिकलेल्या आणि नोकरीची वाट पाहून थकलेल्या मुलाच्या मोबाइलमधून तो उंबरठा ओलांडतो. तो उघडपणे जुगार खेळा असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ऑप्शन ट्रेडिंग शिका.’

या नव्या शिक्षणाचा प्रसार किती झाला आहे, हे कोणा विरोधकाच्या भाषणावरून नव्हे, तर शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या ‘सेबी’नेच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून कळते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारात उतरलेल्या व्यक्तींची संख्या एक कोटीहून अधिक होती. त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. तोटा झालेल्या माणसाचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये होता. सर्व खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा पदरात पडलेले लोक शंभरात एक होते. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, व्यक्तींचा निव्वळ तोटा आणखी वाढून १,०५,६०३ कोटी रुपये झाल्याचे सेबीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले.

हे लोक कोण होते, हेही त्याच अहवालात नोंदलेले आहे. २०२३-२४ मध्ये त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. ७२ टक्के लोक देशातील पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. म्हणजे दलाल स्ट्रीटवरील या खेळातील तोटा दलाल स्ट्रीटवर राहत नाही. तो तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर अशा देशभरच्या गावांकडे वाटला जातो.

दोन लाख रुपये हा आकडा मुंबईत कदाचित लहान वाटेल. भंडाऱ्याच्या मापाने तो मोजून पाहावा. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. त्या भावाने दोन लाख रुपये म्हणजे चौऱ्याऐंशी क्विंटल धान. एकरी पंधरा क्विंटल उतारा धरला तरी साडेपाच एकरांचे संपूर्ण पीक, आणि तेही रोवणीची मजुरी, खत, औषध व ट्रॅक्टरचे भाडे न वजा करता. जेथे दोन-अडीच एकरांच्या बांध्यांवर कुटुंबे जगतात, तेथे दोन-तीन हंगामांचा घाम पडद्यावरील लाल-हिरव्या रेघांत विरघळून जातो, असा याचा अर्थ आहे.

हा व्यवहार मुळात काय आहे हे साध्या भाषेत सांगितले जात नाही, म्हणून येथे सांगणे अवश्य आहे. ऑप्शन म्हणजे ठराविक मुदतीच्या आत किंवा मुदतीच्या दिवशी ठराविक भावाने एखादी वस्तू घेण्याचा अथवा विकण्याचा हक्क. घेण्याच्या हक्काला ‘कॉल’ म्हणतात, विकण्याच्या हक्काला ‘पुट’. या हक्कासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. समजा, शेअरांचा निर्देशांक २५,००० वर आहे आणि कोणी २५,००० चा कॉल १०० रुपये प्रीमियमने घेतला. एका करारात ७५ एकके धरली तर त्याचे ७,५०० रुपये गेले. मुदतीच्या दिवशी निर्देशांक २५,००० च्या खाली राहिला तर सगळी रक्कम बुडाली. तो २५,०६० वर थांबला तर त्या तरुणाचा वर जाण्याचा अंदाज खरा ठरूनही त्याला तीन हजारांचा तोटा झाला. कारण भाव वर जाणे पुरेसे नसते. तो ठरलेल्या दिवसाच्या आत आणि दिलेल्या प्रीमियमपेक्षा अधिक वर जावा लागतो. प्रत्येक दिवस मावळताना त्या हक्काचे मोल झिजत जाते. ही झीज घेणाऱ्याच्या खिशातून विकणाऱ्याच्या खिशात जाते. विकणाऱ्याला मात्र प्रीमियमच्या कितीतरी पट रक्कम तारण ठेवावी लागते आणि बाजार उलटला तर त्याच्या तोट्याला मर्यादा नसते. ज्याच्याजवळ भांडवल आहे तो हे सोसू शकतो. ज्याच्याजवळ धानाचे चुकारे आहेत तो घेणारा होतो आणि झिजत राहतो.

येथेच ‘स्ट्रॅटेजी’ नावाची विद्या पुढे केली जाते. कॉल आणि पुट एकत्र घ्यावेत, एक घेऊन दुसरा विकावा, चार पायांची रचना करून धोका दोन्हीकडून बांधून टाकावा, असे धडे दिले जातात. ही विद्या खोटी आहे असे म्हणता येणार नाही. ज्याच्याजवळ मुळात शेअर आहेत त्याने पडत्या भावाच्या भीतीने पुट घेणे हा एक प्रकारचा विमाच आहे, आणि विम्याला हप्ता द्यावा लागतो हे कोणीही मान्य करील. परंतु ज्याचे घरच नाही त्याने दररोज घराचा विमा उतरवून श्रीमंत व्हावे, हे शिक्षण विलक्षण म्हटले पाहिजे. कोणतीही रचना केली तरी या बाजारात एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो. येथे एक दाणाही पिकत नाही, एक वारही कापड विणले जात नाही. उलट प्रत्येक सौद्यावर दलाली, बाजाराचे शुल्क आणि सरकारचा कर कापला जातो. त्या तीन वर्षांत व्यक्तींनी नुसत्या व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये भरले. चार पायांची रचना म्हणजे चार वेळा दलाली, हा हिशेब शिकवणीत फारसा सांगितला जात नाही.

मग जिंकतो कोण? २०२३-२४ मध्ये खर्च वजा न करता दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांना ३३,००० कोटी आणि परदेशी वित्तसंस्थांना २८,००० कोटी रुपये नफा झाला. त्याच हिशेबाने व्यक्ती आणि इतरांना ६१,००० कोटींहून अधिक तोटा झाला. तराजूची दोन्ही पारडी जुळतात. मोठ्यांच्या या नफ्याचा जवळजवळ सगळा भाग संगणकाने आपोआप होणाऱ्या सौद्यांतून आला, असेही सेबीने नोंदवले आहे. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन पेढीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्यास सांगितले. सकाळी बँकांचे शेअर चढवायचे, त्याच वेळी ऑप्शनमध्ये उलट बाजूचे मोठे सौदे करायचे आणि नंतर शेअर विकून निर्देशांक खाली आणायचा, असा तिच्यावरील आरोप आहे. पेढीने तो नाकारला. आरोपाचा निर्णय व्हायचा तो होईल. परंतु एका बाजूला अशी यंत्रे आणि असे भांडवल, व दुसऱ्या बाजूला मोहाडीच्या एका खोलीत मोबाइलवर बोट ठेवून बसलेला पदवीधर, या दोघांना ‘बाजारातील समान सहभागी’ म्हणणे ही भांडवलशाहीच्या शब्दकोशातील सर्वांत क्रूर थट्टा होय.

शिकवणीचा धंदा या विषमतेवरच उभा आहे. बाजारात नफा मिळो न मिळो, शिकवणीची फी आधी मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने कर्जत येथील एका प्रशिक्षण संस्थेविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचे ठरवले, तेव्हा या धंद्याचा आवाका महाराष्ट्राला प्रथमच दिसला. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये, बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या आतील भाव उदाहरणादाखल वापरू नयेत, असे बंधन सेबीने घातले होते. यावरूनच दिसते की शिक्षणाच्या नावाखाली सल्ला आणि सल्ल्याच्या नावाखाली सट्टा विकला जात होता, हे नियंत्रकालाही ठाऊक होते.

काही विद्वान म्हणतात की दोष अज्ञानाचा आहे. लोकांना अधिक शिकवा. परंतु तोट्यात गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक तोटा होऊनही खेळतच राहिले. त्यांना आकडे कळत नव्हते असे नव्हे. गेलेले परत मिळवण्याची ओढ आणि दुसरा मार्ग नसल्याची जाणीव त्यांना बांधून ठेवत होती. त्या ओढीवर व्याख्यान हा उतारा नाही.

या व्यवहाराला भारतीय कायद्याने पूर्वी काय मानले होते हे विसरता कामा नये. जुन्या बाजारात याच सौद्यांना ‘तेजी-मंदी’ म्हणत. १९५२ च्या वायदेबाजार कायद्याने मालातील ऑप्शन्सना आणि १९५६ च्या रोखे कायद्याने शेअरांतील ऑप्शन्सना मनाई केली होती. १९९५ मध्ये शेअरांवरील मनाई उठवण्यात आली, १९९९ मध्ये अशा करारांना कायदेशीर संरक्षण मिळाले आणि जून २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले. मुंबईचा मटकाही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवरच सुरू झाला होता. मटक्याची चिठ्ठी लिहिणाऱ्याला पोलीस आजही १८८७ च्या कायद्याने पकडतात. निर्देशांकाच्या आकड्यावर एका दिवसाची पैज लावणाऱ्याकडून सरकार कर घेते. दोहोंतील फरक पैजेत नाही. पैज कोण चालवतो यात आहे.

आणि यातील सर्वांत मोठा विरोधाभास तर धानाचाच आहे. भाव पडण्यापासून संरक्षण हा ऑप्शनचा एकमेव प्रामाणिक उपयोग. त्याची खरी गरज ज्याच्या खळ्यात माल पडला आहे त्याला. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये धानासह सात शेतमालांचे वायदे स्थगित झाले आणि ती स्थगिती पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. धान्यातील सट्टा थांबावा ही समाजवाद्यांची मागणी जुनी आहे आणि ती योग्यच आहे. पण मग त्या जागी पुरेशी खरेदी केंद्रे, वेळेवर बारदाना आणि ठरलेल्या मुदतीत चुकारे देण्याची जबाबदारी शासनावर येते. ती टाळली जाते. धान उत्पादकाला त्याच्या धानाच्या भावाचा विमा मिळत नाही. त्याच्या मुलाला बँकांच्या निर्देशांकावर पैज लावण्याची मुभा मात्र एका दिवसात मिळते.

सेबीने काहीच केले नाही असे नाही. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले, दर बाजाराला आठवड्याच्या मुदतीचा एकच निर्देशांक ठेवला. परंतु त्यानंतरही वर्षाचा तोटा लाख कोटींच्या पुढे गेला. म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. आठवड्याच्या मुदतीचे सौदे पूर्णपणे बंद व्हावेत. उत्पन्न आणि बचत न पाहता कोणालाही ऑप्शनचे खाते उघडून देणाऱ्या पेढीला त्या तोट्याची जबाबदार धरावे. शिकवणी चालवणाऱ्याने आपल्या विद्यार्थ्यांचा एकूण नफा-तोटा तपासनिसाच्या सहीने जाहीर करावा. या सौद्यांवरील कराचा ठराविक वाटा ग्रामीण रोजगार आणि सहकारी पतपुरवठ्यासाठी राखून ठेवावा. आणि धानाचे चुकारे उशिरा मिळाले तर त्यावर व्याज मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क ठरावा.

बाजाराचे ज्ञान निषिद्ध आहे, असा याचा अर्थ नव्हे. परदेशातील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर व्यवहारांविषयी सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. १९५४ साली याच भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर त्यांचा पराभव झाला आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. भारताची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न मेहतांनी त्याआधीच एका पुस्तकाच्या शीर्षकातून विचारला होता. ज्या जिल्ह्याच्या मतपत्रिकेवर अर्थशास्त्र जाणणारी अशी दोन नावे एकाच वेळी होती, त्या जिल्ह्यातील तरुणांना हिशेब शिकवण्याची गरज आहेच. ज्याला ऑप्शन शिकायचे असतील त्याने ते वहीत, कागदावरील सौद्यांनी, एक पैसाही न लावता वर्षभर शिकावे. वर्षअखेरीस ती वहीच त्याला सांगेल की या शाळेत फी कोण भरतो आणि पगार कोणाला मिळतो. तो हिशेब एकदा कळला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील: साडेपाच एकरांचे धान मोबाइलमध्ये विरघळू देणाऱ्या व्यवस्थेला त्याच जिल्ह्यात एक नोकरी का निर्माण करता आली नाही? त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही स्ट्रॅटेजीत नाही. ते संघटनेतून मागावे लागेल.