फुलोऱ्यातील फवारणी आणि मधमाशी

जालना जिल्हा बियाण्यांच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे. परतूर तालुक्यात कांद्याचे बी घेणाऱ्या शेतकऱ्याने मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कांद्याच्या फुलातील पराग आधी गळतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग होत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर पोहोचविण्याचे काम मुख्यतः मधमाशी करते. गोंड्यावर माशी आली नाही, तर खत, पाणी व मेहनत खर्ची पडूनही बी पुरेसे धरत नाही.

असे असता, पीक फुलावर येताच फुलकिड्यांच्या भीतीने पंप पाठीवर घ्यावयाचा, ही रीत आत्मघातकी होय. फुलकिड्यांना मारणारी बहुतेक औषधे माशीलाही मारतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधे तर झाडातून मधुरसात व परागात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ साली या दोहोंचा व क्लोथियानिडिनचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मधमाशीच्या रक्षणासाठीच.

फवारले नाही तर पीक हातचे जाईल, हे शेतकऱ्याचे म्हणणे अनाठायी नाही. परंतु उपाय फुलोऱ्यापूर्वी व्हावयास हवा. निळे चिकट सापळे लावावेत, पातीच्या बेचक्यातील किडे मोजावेत, प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा आणि नुकसानीची पातळी ओलांडली तरच शिफारशीचे औषध गोंडे उमलण्यापूर्वी मारावे. फुलोऱ्यात फवारणी अटळच झाली, तर माशीला कमी घातक औषध निवडून ते सूर्यास्तानंतर फवारावे. कांद्याआधी फुलणाऱ्या तुरीतही कामगंध सापळे व पक्षीथांबे यांवर भर द्यावा. तुरीत मोहोळ वाचले, तरच पुढे कांद्याला माशी मिळेल.

मधमाशी गट नंबर ओळखत नाही. चाऱ्यासाठी ती एक-दोन किलोमीटर सहज जाते. म्हणून एकट्या शेतकऱ्याच्या सावधगिरीने भागणार नाही, शिवारातील सर्वांनी मिळून फवारणीची वेळ ठरविली पाहिजे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यानेही औषधाचे नाव सांगण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : किडी मोजल्या काय? पीक फुलात आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत पंप खुंटीवर राहणेच हिताचे.