तंत्रज्ञान कोणाच्या हातून येते?

यंत्राला जात नसते, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. नसेलही. पण ते यंत्र ज्या माणसांच्या हातून आपल्यापर्यंत येते, त्यांना जात आहे. हा फरक आपल्या तरुणांनी नीट समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे कसे पसरले, याचा रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. पाहणीतील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे स्वीकारले होते. पहिली माहिती सर्वाधिक जणांना विक्रेत्यांकडून मिळाली. पण पेरायचे की नाही, हे ठरवताना शेजाऱ्याचा अनुभव मोलाचा ठरला. म्हणजे माहिती कोणीही देतो, विश्वास मात्र जवळचाच माणूस देतो.

आता प्रश्न असा की, भारतातील खेड्यात शेजारी कोण? गाव एकीकडे, वस्ती दुसरीकडे. इथे शेजार जातीने ठरवलेला आहे.

बाबासाहेबांनी या यंत्रणेकडे फार पूर्वी बोट दाखवले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात त्यांनी गॅब्रिएल टार्ड या फ्रेंच विचारवंताचा अनुकरणाचा सिद्धांत वापरला. अनुकरण प्रतिष्ठितांकडून खाली वाहते आणि अंतर जितके कमी तितके ते अधिक होते. जातीची बंदिस्ती अशीच एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे पसरली, हे त्यांनी दाखवले. ज्या वाटेने रूढी पसरते, त्याच वाटेने नवे तंत्रही पसरते. आणि जातीने अंतर वाढवले की ती वाट आपल्या दाराआधीच संपते.

सत्तरच्या दशकात आलेल्या 'प्रशिक्षण आणि भेट' योजनेत कृषी खाते निवडक 'संपर्क शेतकऱ्यांना' शिकवत असे. त्यांच्याकडून ज्ञान इतरांपर्यंत झिरपेल, अशी अपेक्षा होती. निवड सधन शेतकऱ्यांची होते, ही टीका त्या योजनेवर झालीच. आपल्या अल्पभूधारकापर्यंत त्यातले किती झिरपणार होते?

काही जण म्हणतील, आता यूट्यूबवर सगळे मिळते. मिळते ना, पण फक्त माहिती! महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीमुळे परत आला, स्वाधार योजनेसाठी कागद कमी पडला, तर व्हिडिओला विचारता येत नाही. तिथे मागच्या वर्षी अर्ज भरलेला वस्तीतला दादा किंवा ताई लागते. ज्याच्या ओळखीत असे कोणी नाही, तो हक्क असूनही बाहेर राहतो.

म्हणून वरून झिरपण्याची वाट पाहणे सोडू या. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवा. जो आधी शिकला त्याने दहा जणांना शिकवावे. महिला मंडळातील एका ताईने स्वतःच्या फोनवर व्यवहार केला, तर बाकीच्या आयाबहिणींची भीती भाषणापेक्षा लवकर जाईल.

मात्र सावध राहा. झटपट कर्जाची ॲप आणि पैसे लावायचे खेळही मित्रांच्याच ओळखीने पसरतात. मित्राने घेतले म्हणून घेणे हे अनुकरण झाले. तपासून घेणे ही प्रज्ञा, आणि तपासलेले वस्तीपर्यंत पोहोचवणे ही चळवळ.

जय भीम!