वहिनींचं माहेर कोणतं?

परवा देवळ्यात एका निरोप समारंभाला गेलो आणि शाल-श्रीफळाच्या जोडीला शिव्याही देतात, हे पाहून आलो. आमचे निवृत्त शिक्षक नाना आणि वहिनी घर विकून दापोलीजवळच्या मुरुडला, समुद्रापाशी राहायला चालले आहेत. त्यावर प्रमुख वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जन्मभूमी सोडणं ही बेइमानी, पाण्यासाठी झगडायचं टाकून पाण्याकडे पळणं हा भेकडपणा, समुद्राचं पाणी पिता येत नाही आणि म्हातारपणी दवाखाना जवळ हवा. टाळ्या पडल्या. मीही एक वाजवली, डास होता.

शेवटच्या दोन मुद्द्यांचा निकाल आधीच लावतो. समुद्र खारट असतो हे जन्मभर भूगोल शिकवलेल्या नानांना ठाऊक असावं. आणि जिवावर बेतलं की देवळेकरही नाशिकच गाठतो.

राहिली बेइमानी. मग गिरणेला काय म्हणायचं? केमच्या डोंगरात उगम पावते, कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या कसमादे पट्ट्याला पाणी पाजते आणि तापीच्या गळ्यात पडून थेट सुरतेकडे चालती होते. खुद्द आपला तालुका १९९९ साली कळवणमधून फुटून निघाला. तेव्हा पेढे वाटले होते. उमराण्याच्या बाजारातला कांदा परदेशी जातो तो तर कौतुकाचा विषय. माणूस निघाला की मात्र माती रडते.

पण जन्मभूमी कुणाची? वहिनींचं माहेर बागलाणातलं. नवी नवरी होऊन त्या इथे आल्या तेव्हा त्यांनीही गाव सोडलंच होतं. त्या वेळी कुणी त्यांना बेइमान म्हटलं नाही, बँड लावला. उलट तिथेच राहते म्हणाल्या असत्या तर दोन्ही गावांनी नावं ठेवली असती. त्या दिवशी समोर बसलेल्या बहुतेक बायका अशाच कुठून कुठून आलेल्या, आणि त्यांच्याच टाळ्यांवर गाव न सोडण्याचं भाषण चाललं होतं! वक्त्यांच्या सौभाग्यवती चांदवडच्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, एवढं मी पाहिलं.

आणि पाण्यासाठी झगडणं म्हणजे नेमकं काय? वक्त्यांच्या लेखी मोर्चा, निवेदन, फोटो. वहिनींच्या लेखी नळ येईल तेव्हा, मग रात्रीचे दोन का असेनात, उठणं. टँकरची शिटी ऐकू आली की कणकेचे हात तसेच घेऊन धावणं. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. तीस-पस्तीस उन्हाळे त्यांनी हे काढले. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्याने एक उन्हाळा तरी भरून दाखवावा.

ओघात आठवलं. चणकापूर धरणाच्या आवर्तनावरून वरच्या आणि खालच्या गावांची जुंपली होती, तेव्हा हेच गृहस्थ ‘पाणी कुणाच्या बापाचं नाही’ म्हणून माझ्यावर ओरडले होते. त्यांचं तेव्हा बरोबर होतं, माझं चुकलं होतं. मग पाणी कुणाच्या बापाचं नसेल तर त्याच्या काठी बसायला परवानगी कुणाची?

काठावर राहायला जाणारे नाना काही पहिले नाहीत. बाबा आमटे १९९० साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. साधनाताई बरोबर होत्या. वक्ते म्हणतील, ते लढायला गेले, हे हवा खायला. कबूल. नाना-वहिनींकडे कसलंही ध्येय नाही. मे महिन्यात कोकणातही टँकर फिरतात, त्यामुळे तिथे तरी नळ रोज येईल याची मी हमी देत नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, ‘भाऊजी, आजवर पाणी मोजलं. आता नुसतं बघायचंय.’ माझ्याकडे मंडनाला एवढंच आहे.

टेम्पो शुक्रवारी सकाळी निघतोय. वक्त्यांना हात लावायला यायचं असेल तर जड काही उरलेलं नाही. पितळी हंडे वहिनींनी मोडीत दिले. भाव बरा आला म्हणतात.