भिंत उंच करून काय साधणार?

३१ मार्च २०१५ च्या पहाटे नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कच्चे कैदी पळाले. बराकीच्या खिडकीचे गज कापून, चादरींच्या आधाराने त्यांनी भिंती ओलांडल्या. निलंबने झाली, झडतीत मोबाइल सापडले आणि मागण्या सुरू झाल्या: भिंत वाढवा, कॅमेरे बसवा, जॅमर लावा, कैद्यांचे लाड थांबवा. चंद्रपूर-गडचिरोलीत तुरुंगाच्या बंदोबस्ताचा विषय निघाला की आजही हेच ऐकू येते. नक्षल खटल्यांमुळे जरा जास्तच. हे म्हणणे मला मान्य नाही.

लोखंडी गज काही एका झटक्यात तुटत नाही. त्यासाठी हत्यार आत यावे लागते, ते लपवावे लागते, आणि घासल्याचा आवाज कुणाच्याच कानावर पडता कामा नये. बंदी आत घेतले की हवालदाराने एकेका गजावर दंडुका मारून कान द्यायचा, ही साधी, जुनी रीत आहे. शाबूत गज खणखणतो, कापलेला बद्द वाजतो. याला निविदा काढावी लागत नाही, पण माणूस लागतो आणि त्याच्या हाती वेळ लागतो. तोच नेमका नाही. २०२२ अखेर महाराष्ट्रातल्या तुरुंगांत क्षमतेच्या दीडपटीहून अधिक बंदी होते. देशभरात दर चार बंद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. या गर्दीची मोजणी करता करताच रक्षक थकतो. मग कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघायचे कुणी?

लाडांचे म्हणाल, तर गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून लांब आहे. मजुरी बुडवून, एसटी बदलत आलेल्या बायकोला नवऱ्याशी चार शब्द बोलू दिले, याला लाड म्हणायचे? मुलाखत बंद करून एकही गज वाचत नाही. उलट, घरची खबर कळण्याची सरळ वाट बंद झाली की चोरून आणलेल्या मोबाइलचा भाव वाढतो.

खरी सुधारणा गर्दी हटवण्यात आहे. ज्याच्यापासून खरा धोका आहे, त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा हवाच. पण किरकोळ गुन्ह्यातला, जामीन मिळूनही जामीनदार न सापडलेला गरीब आत ठेवला की तोच पहारा पातळ होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. महत्त्वाचे म्हणजे, मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकांवरच टाकली आहे. दंड व जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे. तीत कच्च्या कैद्याला जामिनासाठी मदत मिळू शकते. अडचण आहे ती एकाच माणसावर अनेक गुन्हे दाखल असतात तिथे, आणि गडचिरोलीच्या नक्षल प्रकरणांत हे नेहमीचेच. अशा आरोपींना कलम ४७९ चा आधार मिळत नाही. त्यांच्यासाठी खटले वेगाने चालवणे, तारखेला न्यायालयात न्यायला पोलीस पथक मिळणे आणि माडिया-गोंडी जाणणारा दुभाषी देणे, हाच मार्ग आहे.

माणसे मोकळी ठेवली की पळतात, हा आक्षेप महाराष्ट्राने तरी घेऊ नये. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेनुसार आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीविना शेती करत राहिले. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून आला.

तेव्हा भिंतीसाठी निधी मागण्याआधी चंद्रपूर आणि नागपूरच्या कारागृहांनी एक काम करावे: कलम ४७९ खाली मुदत भरलेल्यांची यादी दर महिन्याला न्यायालयाकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी, आणि किती जण सुटले याचा आकडा जाहीर करावा. वकिलांनी, पत्रकारांनी आणि आमदारांनी तो आकडा मागत राहावे.